बाबांना रेगेन्सबुर्ग दाखवताना

माझे बाबा अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकिली करायचे. मूळचे हिवरखेडच्या शेतकरी घरातले, शिकायला म्हणून अमरावतीत आले आणि तिथलेच झाले. कोर्टात कडक इंग्रजी, आणि घरी आले की कोट खुंटीला लागायच्या आधीच वऱ्हाडी सुरू. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. शेवटी उरला तो नुसता उजेड आणि अंधार. खिडकी कुठे आहे ते त्यांना कळायचं. खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. बाहेर मात्र बाबांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गुडघे दुखतात असं सांगून त्यांनी कोर्टात जाणं बंद केलं. भेटायला कुणी आलं की आवाजावरून ओळखायचं, आधीच ठरलेल्या खुर्चीवर बसायचं आणि चहाचा कप आई हातात देईपर्यंत हात मांडीवर ठेवायचे. डॉक्टरांनी पांढरी काठी घ्यायला सांगितलं तेव्हा ते भडकले.

"ते काठी घेऊन मी अंबागेटातून चाललो का सारं गाव म्हनन, वकीलसाहेब आंधये झाले."

"मग काय चुकीचं म्हणतील?" मी विचारलं.

मी अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दर शनिवारी अमरावतीला जायचं, बाबांना दंडाला धरून गच्चीवर फिरवायचं आणि रविवारी परत यायचं, असं आमचं चाललं होतं. त्या गच्चीच्या पलीकडे बाबांचं जग उरलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो. त्याला मुलगी झाली, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आई, बाबा आणि मी असे तिघं तिकडे गेलो. आईला नात मिळाली आणि ती त्यात बुडून गेली. बाबांचे मात्र हाल झाले. अमरावतीच्या घरातला कोपरान्कोपरा त्यांना पाठ होता. इथे टेबलाचा कोपरा मांडीला लागायचा, काचेचं दार कपाळाला. मग त्यांनी सोफ्याची एक जागा धरली आणि तिथून उठणंच सोडलं. मी कितीदा पाहिलं, ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. भिंत आहे हे त्यांना कळतही नसेल.

एका संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "ताई, बाबांना घेऊन रेगेन्सबुर्गला जाऊन ये. ट्रेननं दीडेक तास. जुनं गाव आहे, डॅन्यूबच्या काठावर. आतल्या गल्ल्यांत गाड्या फारशा नसतात. मला सुट्टी नाही, पण तुम्ही दोघं जा."

बाबांनी ऐकलं होतं. "मले नेऊन काय करता? आंधयाले आरसा दाखवता का?"

आत बाळाला तेल लावत बसलेली आई तिथूनच म्हणाली, "जा ना जी. इथी तरी काय पाहून राहिले तुमी?"

त्यावर बाबाच पहिल्यांदा हसले. सकाळी आईनं तिखट पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. भावानं स्वतःची लोकरीची टोपी बाबांच्या डोक्यावर चढवली, कारण मे महिना असूनही आमच्या हिशेबानं ती थंडीच होती.

ट्रेन सुटली तसं बाबांनी विचारलं, "बाहेर काय हाये?"

"शेतं."

"कायची?"

"माहीत नाही. हिरवी आहेत. मधेमधे पिवळी."

"पिवयं पीक का पिवयी फुलं?"

मी काचेला नाक लावलं. "फुलं. मोहरीसारखी. पण उंच आहेत, कमरेइतकी तरी."

"हां. अस्सं सांगत जाय."

रेगेन्सबुर्गला उतरलो आणि स्टेशनसमोरच्या रस्त्यानं जुन्या गावात शिरलो. मी त्यांचा दंड घट्ट पकडला होता. रस्ता दगडी फरशांचा, फरशा गोलसर आणि उंचसखल. बाबा दर चार पावलांना अडखळत होते आणि मी दर वेळी त्यांना ओढून सरळ करत होते. पण गल्ली इतकी देखणी होती की मला राहवेना.

"बाबा, किती सुंदर आहे हे!"

ते थांबले. "सुंदर म्हंजे?"

"म्हणजे जुनी घरं आहेत. छान, रंगीत."

"असा साक्षीदार उभा केला तर समोरचा वकील त्याले दोन मिनिटांत झोपवते. तुले कसं वाटलं ते मी इचारलं नाई. काय हाये ते सांग. घर किती मजली?"

"चार. नाही, थांबा, पाच. वर छपरातही खिडक्या आहेत."

"रंग?"

"एक हळदीसारखं. त्याच्या बाजूचं फिकट गुलाबी. त्यापलीकडचं पिस्त्यासारखं."

"घराघरात जागा सोडली हाये का भिंतीले भिंत लागून?"

"लागून. सगळी एकमेकांना टेकून उभी आहेत. आणि एक मनोराच आहे मध्येच, गल्लीतच, घरांच्या डोक्यावरून पार वर गेलेला. मी ट्रेनमध्ये फोनवर वाचलं, इथले श्रीमंत व्यापारी एकमेकांवर चढ म्हणून असे मनोरे बांधायचे."

"म्हंजे आपल्यासारखंच," बाबा म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

अशी माझी उलटतपासणी सुरू झाली. पहिला अर्धा तास मला राग येत होता. मग लक्षात आलं, की मीही पहिल्यांदाच नीट पाहत होते. दाराच्या कमानीत कोरलेला सिंह, वाइनच्या दुकानापुढं झोपलेला बुटका कुत्रा, खिडकीतल्या कुंड्यांत जिरेनियमची लाल फुलं. एरवी मी हे सगळं फोनमध्ये टिपून पुढे गेले असते.

गावाच्या मधोमध एक प्रचंड कॅथेड्रल आहे. दाराशी पोचलो तसे बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"बाबा, इथे बूट काढत नाहीत. टोपी काढायची असते, पुरुषांनी."

"अजब हाये," ते म्हणाले, पण टोपी काढून त्यांनी काखेत धरली.

आत गार होतं आणि अंधारलेलं. लोक कुजबुजत फिरत होते. बाबा मधोमध उभे राहिले आणि एकदा घसा खाकरले. तो आवाज वर गेला, फिरला आणि बऱ्याच वेळानं परत आला. त्यांनी मान वर केली. "बाप रे! किती उंच हाये वो हे!" मी त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.

बाजूच्या एका खिडकीतून ऊन आत पडलं होतं. रंगीत काचांची खिडकी, जमिनीपासून जवळजवळ छपरापर्यंत. मी त्यांना त्या उजेडात नेऊन उभं केलं. त्यांनी चेहरा वर केला आणि डोळे मिटले नाहीत.

"हा उजेड पांढरा नाई ना?"

"नाही. तुमच्या शर्टावर निळा पडलाय. गोकर्णाच्या फुलासारखा. हातावर लाल."

"कोनता लाल?"

मी विचार केला. "पळसाचा. होळीच्या आधी मेळघाटात असतो तसा."

ते बराच वेळ हात पुढे धरून उभे होते. हाताची बोटं उघडत होते, मिटत होते. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि नजर काढवेनाही.

बाहेर आल्यावर चौकाच्या कडेला एक ब्राँझचं मॉडेल दिसलं. ओट्यासारख्या दगडी चौथऱ्यावर अख्खं जुनं गाव लहान करून मांडलेलं, गल्ल्या, छपरं, चर्चचे मनोरे, नदी, पूल, सगळं. पर्यटक त्याला टेकून आइस्क्रीम खात होते. मी ओलांडून पुढे चालले होते, तेवढ्यात घरांच्या मध्ये उठलेले बारीक ठिपके दिसले. ब्रेल होती ती. हे मॉडेल न दिसणाऱ्यांसाठीच केलेलं होतं.

"बाबा, इकडे या. हात द्या."

मी त्यांचा हात त्या गावावर ठेवला. पहिल्यांदा त्यांना काही समजलं नाही. "हे काय, भांडं हाये का?" मग बोटं एका छपरावरून घसरून गल्लीत पडली आणि गल्लीतून चालायला लागली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. बोटं चौकात आली, थबकली, वर चढली.

"हेच ना ते चर्च? आता आपन होतो ते? दोन शिखरं हायेत."

"हो."

"मंग आपन आलो ते गल्ली हे. इथं तू म्हनली तो मनोरा. हे पाय, सापडला! अन् हे सपाट सपाट काय हाये? नदी? आन् नदीवर पूल. एक, दोन, तीन, किती कमानी हायेत वो याले!"

त्यांचा आवाज चढला होता. आइस्क्रीम खाणारे बाजूला सरकले. सोफ्यावरून न उठणारा माझा बाप वाकून, दोन्ही हातांनी, एक शहर तपासत होता. सातबारा आणि नकाशा पुढे घेऊन बसायचे तेव्हा त्यांची मान अशीच खाली असायची.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात मॉडेलवर आला आणि चर्चच्या शिखरावर बाबांच्या हाताला लागला. दोघंही दचकले. समोर साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, आखूड पांढरे केस, पाठीवर पिशवी, आणि दुसऱ्या हातात लांब पांढरी काठी. त्या जर्मनमध्ये काही म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं, की आम्ही भारतातून आलोय, माझ्या वडिलांना दिसत नाही.

माझं वाक्य पुरं झालं आणि मी चटकन बाबांकडे पाहिलं. परक्या माणसासमोर हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"मलाही नाही," त्या हसून इंग्रजीत म्हणाल्या. "मग आधी तुमचं चर्च होऊ द्या. मी तोवर पूल पाहते."

बाबांनी आपल्या कोर्टाच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "नाही मॅडम, आधी तुम्ही. माझं चर्च पाहून झालं आहे."

त्या ब्रेमेनच्या होत्या, उत्तरेकडच्या. शाळेत संगीत शिकवायच्या. चाळिशीत डोळे गेले. दोन दिवसांसाठी एकट्याच रेगेन्सबुर्ग पाहायला आल्या होत्या.

"एकट्या?" बाबांनी विचारलं. "इतक्या लांब?"

"नवऱ्याला जुनी गावं आवडत नाहीत. तो घरी बागेत खूश आहे."

पुलाकडे त्यांनाही जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो. त्या पुढे, काठी डावी-उजवीकडे फरशीवर टेकवत, माझ्यापेक्षा झपझप. मागे मी बाबांचा दंड धरून. थोडं चालल्यावर त्या थांबल्या.

"रागावू नका, पण तुम्ही त्यांना ढकलताय का? त्यांची पावलं फार अडखळतायत."

"मी धरलंय त्यांना," मी म्हटलं.

"तेच चुकतंय. तुम्ही धरू नका, त्यांना धरू द्या. त्यांचा हात तुमच्या कोपराच्या जरा वर. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात, चढलात, की त्यांना तुमच्या हातातून कळेल."

मी दंड सोडला. बाबांनी माझं कोपर धरलं. आम्ही निघालो आणि काही पावलांतच त्यांचं अडखळणं थांबलं. मी फरशीवरून उतरले की तेही उतरत होते. तीन वर्षं गच्चीवर मी त्यांना पोत्यासारखं फिरवत होते, आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती.

वाटेत रोमन लोकांनी बांधलेला एक दरवाजा लागतो. गावाची वेस होती ती त्यांची. आता तो एका पिवळट इमारतीच्या भिंतीत अडकून राहिलाय. बाबांनी आणि त्या बाईंनी मिळून त्याच्या दगडांवर हात फिरवले.

"नरनाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाज्यावर नक्षी हाये," बाबा मला म्हणाले. "लहानपनी हिवरखेडहून जाऊन मी हात लावून पायली हाये. इथं नक्षी नाई. नुसतं वजन हाये." मग तेच त्यांनी बाईंना इंग्रजीत सांगितलं, आणि नरनाळा म्हणजे काय ते समजावण्यात आमचा पुलापर्यंतचा रस्ता गेला.

दगडी पूल. रुंद, मोटारी नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले. खाली डॅन्यूब. वरून पाहिलं तर शांत वाटते, पण पुलाच्या खांबांमध्ये पाणी अडून भोवरे करतं आणि घुसळणीचा सतत आवाज येतो. बाबा कठड्याला रेलले. "वर्धा नदीले पूर असला का कौंडण्यपूरच्या घाटावर असाच आवाज येते," ते म्हणाले. मी पुढचं सांगत होते, की कठड्यावर उंच एक दगडी माणूस बसवलाय, कपाळावर हाताची सावली धरून चर्चकडे पाहतोय.

"त्याले तरी नीट दिसते का?" बाबा म्हणाले. मी भाषांतर केलं आणि त्या बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की एक सायकलवाला मागे वळून पाहायला लागला.

मग बाबांनी जे विचारलं ते मला मुळीच अपेक्षित नव्हतं. "मॅडम, तुमची काठी पाहू शकतो?"

पाहू, असंच म्हणाले ते. बाईंनी काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ चाचपली, टोकाचा गोळा चाचपला, वजन घेतलं. बाईंनी त्यांचं मनगट पोटासमोर आणून ठेवलं आणि सांगितलं, डावं पाऊल पडेल तेव्हा टोक उजवीकडे, उजवं पडेल तेव्हा डावीकडे. काठी पायाच्या आधी तिथे पोचली पाहिजे.

"बाबा, इथे नको," मी म्हटलं. "सायकली आहेत."

"सायकलीले घंटी हाये ना?"

आणि ते निघाले. एकटे. मी मागे धावणार होते, पण बाईंनी अंदाजानं हात लांब करून माझी बाही पकडली. "थांबा. कठडा दोन्ही बाजूंना आहे. पडणार नाहीत."

मी उभी राहिले. काठीचं टोक फरशांच्या फटीत अडकत होतं, पोटाला मूठ लागत होती. एकदा ते तिरके होत होत कठड्याला जाऊन भिडले. काठीनं आधी कठडा शोधला, मग ते वळले. समोरून एक सायकल आली, घंटी वाजली, बाबा जागच्या जागी थांबले आणि सायकल वळसा घालून गेली. ते पुन्हा चालायला लागले. पुलाच्या चढावर त्यांची पाठ लहान होत गेली. कुणाचाही हात लागलेला नसताना माझे वडील चालतायत, हे मी किती दिवसांनी पाहत होते.

वरून त्यांचा आवाज आला, "कुठी हायेस वो तू?"

"इथेच आहे, बाबा!"

"बोलत राय. मी आवाजावर येतो."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुधा रसायनशास्त्राचा काही धडाच म्हटला असेल. ते येऊन पोचले तेव्हा घामानं निथळत होते आणि टोपी तिरकी झाली होती. काठी परत करताना ते बाईंना म्हणाले, "माझ्या गावात असे रस्ते नाहीत, मॅडम. गाई आहेत, मोटारसायकली आहेत, उघड्या नाल्या आहेत."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे," त्या म्हणाल्या.

नदीकाठच्या बाकावर आम्ही तिघांनी आईच्या पुऱ्या खाल्ल्या. बाईंनी लोणच्याची फोड अख्खी तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी एक मागितली. त्यांना पुढे कुठेतरी ऑर्गन ऐकायला जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी मला फोनमध्ये घालायला स्वतःचा नंबर सांगितला आणि टकटक करत गल्लीत दिसेनाशा झाल्या. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत बाबा तिकडेच कान देऊन बसले होते.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांना झोप लागली. घरी मात्र त्यांनी आईला आणि भावाला समोर बसवून सगळं शहर सांगितलं. कुठल्या गल्लीतून कुठे निघतं, पुलाला कमानी किती, दरवाजा कुठल्या दिशेला. भाऊ त्या गावाला चार वेळा जाऊन आला होता. तो मला हळूच म्हणाला, "ताई, मी मनोरे पाहिलेच नव्हते."

काठीचा विषय बाबांनी काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी ते भावाला म्हणाले, "तुमच्याइथं ते काठी कुठी भेटते? घडी होणारी पाय. विमानात न्याची हाये."

अमरावतीत आल्यावर अंधशाळेतले एक शिक्षक दर रविवारी सकाळी येऊन त्यांना शिकवू लागले. ते स्वतः अंध आहेत. सुरुवातीला दोघं आमच्याच गल्लीत फिरायचे. पहिल्याच रविवारी शेजारचे काका फाटकातून ओरडले, "वकीलसाहेब, डोयाले काय झालं?"

मी गच्चीवर होते. मी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"गेले," बाबा म्हणाले. "खूब दिवस झाले. तुमी कसे हायेत?"

काकांनी पुढे काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण ते फाटक उघडून बाहेर आले आणि तिघंही कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे गेले.

सगळं सोपं झालं असं नाही. एकदा ते नालीत पाय जाऊन पडले, कोपर सोललं आणि आठवडाभर काठी कोपऱ्यात पडून होती. मग पुन्हा उचलली. हिवाळा लागला तसे ते आठवड्यातून दोनदा ऑटोनं कोर्टात जाऊ लागले. ज्युनियर वकील त्यांना कागद वाचून दाखवतात आणि सल्ला विचारतात. ब्रेमेनच्या बाईंशी त्यांचं आवाजी संदेशांवर बोलणं चालतं. त्या तिकडचे पक्षी पाठवतात. यांनी परवा कॉटन मार्केटमधला लिलाव पाठवला.

आता त्या जानेवारीत येणार म्हणतायत, एकट्याच. बाबांचं त्यांना नरनाळा दाखवायचं पक्कं झालंय, गाडी कुठली, वाटेत हिवरखेडला थांबायचं कुणाकडे, सगळं. काल आईचा मला अकोल्याला फोन आला.

"हा मानूस आता घरात सापडत नाई," ती म्हणाली. "अन् ते बाई आली का तिले जेवाले काय करू ते सांग. लोनचं तर मी आत्ताच घालून ठेवलं."